टिनाच्या शेडमध्ये रास्पबेरी पाय: सीएनसीचा अवेळी उशीर कसा कमी करायचा

तिफणीमागून चालताना चाड्यावर मूठ धरणारीचा हात एकसारखा चालावा लागतो. तिला ठेच लागली, पदर सावरायला हात क्षणभर थांबला, तरी बैल काही थांबत नाहीत. आठ दिवसांनी पीक वर येतं तेव्हा त्या जागी नांगा दिसतो. अख्ख्या वावराचं बियाणं मोजा, हिशेब बरोबर भरेल. एकरी जेवढं पडायचं तेवढंच पडलंय. पण नांगा तो नांगाच.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डावर (पुढे नुसतं 'पाय') लिनक्ससीएनसी हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर घालून सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणारी मशीन हाकायची म्हटली, मग ती लाकूड कोरणारा राउटर असो, प्लाझ्मा असो की छोटी मिलिंग, की हीच गोष्ट आडवी येते. बोर्ड सरासरीनं फार वेगवान असतो, तेवढ्यावर भागत नाही. ठरल्या वेळी काम सुरू व्हायला हवं आणि ते किती उशिरा सुरू झालं, याला लेटन्सी म्हणायचं. त्यातली आपल्या कामाची एकच संख्या, ती म्हणजे सगळ्यात वाईट वेळी झालेला उशीर. लाख वेळा पाच मायक्रोसेकंद आणि एकदाच चारशे, तर तुमचा बोर्ड चारशेचा.

शेतात नांगे भरता येतात, सागवानाच्या दारावर येत नाहीत. माझ्या एका फळीवरचा मोर मानेपासून पुढे सगळाच दीड मिलिमीटर सरकला आणि ती फळी आजही शेडमध्ये चहाचे कप ठेवायला वापरतो. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरचं सागवान गेलं, तेव्हापासून गावोगावी कोरीव दाराची फर्माईश वाढल्यासारखं मला वाटतं. फळी महाग, चूक महाग. म्हणून हा लेख.

एक सूचना आधीच. आज्ञा आणि सेटिंगची नावं इथं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना इंग्रजी स्पेलिंग, सगळी छोटी अक्षरं.

पहिल्यांदा हिशेब, मग बोर्ड

तुमच्या मशीनला किती घाई आहे ते काढा. समजा बॉलस्क्रूची पिच (एका फेऱ्यात होणारी सरक) ५ मिलिमीटर, मोटर २०० स्टेपची आणि तिला चालवणारा ड्रायव्हर ८ मायक्रोस्टेपवर, म्हणजे एका स्टेपचे आठ भाग. एक पल्स, म्हणजे विजेचा एक ठोका, मोटरला एवढा एक भाग सरकवतो. म्हणजे एका फेऱ्याला १,६०० पल्स, एका मिलिमीटरला ३२०. मिनिटाला ३,००० मिलिमीटर वेगानं जायचं तर सेकंदाला ५० मिलिमीटर, म्हणजे १६,००० पल्स. दोन पल्समधलं अंतर ६२.५ मायक्रोसेकंद. इथं शंभर मायक्रोसेकंदांचा उशीर झाला तर दीडेक पल्सची जागा रिकामी जाते. मोटर जोरात फिरत असते, तिला हिसका बसतो. मग ती नुसती कुरकुरते, नाहीतर जागा सोडते. स्टेपर मोटरनं जागा सोडली हे कंट्रोलरला कळतही नाही. तो आपला पुढे कोरत राहतो.

आता दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे पल्स पायनंच द्यायचे, थेट जीपीआयओच्या, म्हणजे बोर्डावरच्या सिग्नलच्या पिनवरून. यासाठी 'बेस थ्रेड' नावाचं काम दर २५ ते ५० मायक्रोसेकंदांनी चालावं लागतं. बेस थ्रेड ५० मायक्रोसेकंदांचा ठेवला आणि एका फेरीत पिन वर, पुढच्या फेरीत खाली असं केलं, तर सेकंदाला १०,००० पल्सच निघतात. वरच्या मशीनवर तो वेग मिनिटाला १,८७५ मिलिमीटर होतो. दुसरा रस्ता असा की पल्स काढायचं काम वेगळ्या कार्डाला द्यायचं. मेसा कंपनीचं ७सी८१ हे कार्ड पायला एसपीआयनं, म्हणजे पिनांवरूनच जोडतात, ७आय९६एस इथरनेटच्या वायरीनं. पाय दर १ मिलिसेकंदाला फक्त 'इतक्या वेगानं जा' एवढं सांगतो आणि कार्डातली चिप पल्स नेमानं टाकत राहते. इथं मुदत १,००० मायक्रोसेकंदांची. त्यात शंभरचा उशीर झाला तरी मशीनला पत्ता लागत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. शिकायला, लाकडाच्या तुकड्यावर नाव कोरायला पहिला रस्ता चालेल. गिऱ्हाईकाचं काम घ्यायचं असेल तर कार्ड घ्या. कर्नलशी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याशी, महिनाभर झुंजून जे मिळत नाही ते कार्ड लावल्या दिवशी मिळतं. पायकडून कमीत कमी काम घेणं हाच उशीर कमी करण्याचा सगळ्यात मोठा उपाय आहे आणि खालचं सगळं त्याच्या नंतर येतं.

आरटी कर्नल आहे ना, ते बघा

लिनक्ससीएनसीच्या संकेतस्थळावर पाय ४ आणि पाय ५ साठी तयार इमेज, म्हणजे सगळी सिस्टिम भरलेली फाइल मिळते. ती पायच्या एसडी कार्डावर लिहा. स्वतः कर्नल कंपाइल करायच्या भानगडीत नवख्यानं पडू नये. ठरल्या वेळी काम करवून घेणारा, रिअल-टाइमचा 'प्रीएम्प्ट आरटी' हा भाग जवळपास वीस वर्षं वेगळा पॅच म्हणून राहिला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ पासून मूळ लिनक्समध्ये आला. तरी कुठल्याही इमेजमध्ये तो चालू असेलच असं नाही. टर्मिनलमध्ये 'यूनेम' लिहून पुढे आडवी रेघ आणि 'व्ही' द्या. उत्तरात प्रीएम्प्ट आरटी दिसलं पाहिजे. लिनक्ससीएनसी टर्मिनलवरून सुरू केलं की तेही 'पॉझिक्स रिअलटाइम' चालू असल्याचं सांगतं. तिथं 'नॉन-रिअलटाइम' आलं तर थांबा, पुढचं काहीच करून उपयोग नाही.

मोजणी

'लेटन्सी-हिस्टोग्राम' चालवा. कार्ड वापरणार असाल तर पुढे दोन आडव्या रेघा देऊन 'नोबेस' लिहा, म्हणजे कार्डाला निरोप देणारा १ मिलिसेकंदाचा सर्वो थ्रेडच फक्त तपासला जातो. जुना 'लेटन्सी-टेस्ट'ही चालतो. त्यात आकडे नॅनोसेकंदात येतात, तीन शून्यं उडवली की मायक्रोसेकंद. बघायचा रकाना 'मॅक्स जिटर', म्हणजे ठरल्या वेळेपासून पडलेला सगळ्यात मोठा फरक.

पाच मिनिटं चालवून 'बारा आले, मस्त' म्हणणारे पुष्कळ भेटतात. रिकाम्या बोर्डाची मोजणी म्हणजे रिकाम्या बैलबंडीचा वेग. मोजणी चालू असतानाच बोर्डाला त्रास द्या. पेन ड्राइव्हवर मोठी फाइल कॉपी करा, ब्राउझर उघडा, खिडक्या पडद्यावर इकडून तिकडे ओढा, 'जीएलएक्सगिअर्स' या चित्राच्या चाचणी प्रोग्रामच्या तीन-चार खिडक्या फिरत ठेवा. निदान तासभर, जमलं तर रात्रभर. आणि आपल्याकडे एक मोजणी मे महिन्यात दुपारी बारा ते चार या वेळात झालीच पाहिजे. का ते पुढे सांगतो.

आकड्याचा अर्थ लिनक्ससीएनसीच्या माहितीपुस्तिकेत ठोकळमानानं दिला आहे. १५-२० मायक्रोसेकंदांच्या आत असेल तर थेट पल्स काढायलाही उत्तम. ३०-५० असेल तर काम होईल, पण वेग थोडा मारावा लागेल. १०० च्या वर गेलं तर थेट पल्सचा नाद सोडा आणि कार्ड लावा. १,००० च्या वर गेलं तर तो संगणक कार्ड लावूनही कामाचा नाही.

एक वही ठेवा. तारीख, वेळ, काय बदललं, मॅक्स जिटर किती. एका वेळी एकच बदल. मी सुरुवातीला एका संध्याकाळी सात सेटिंग बदलल्या, आकडा सुधारला, आणि दोन महिन्यांनी एसडी कार्ड खराब झाल्यावर नेमकं कशामुळे सुधारला होता ते आठवेना. तेव्हापासून वही धरली नसती तर हा लेख लिहिताच आला नसता.

वीज आणि ऊन: आपल्या भागातली खरी भांडणं

इंटरनेटवर वाचाल तर सगळे थेट कर्नलच्या सेटिंगवर उडी मारतात. ते लिहिणारे लोक थंड प्रदेशातले, त्यांची लाईन जात नाही. आपल्याकडे नागपूर-वर्धा-चंद्रपूर पट्ट्यात पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाच्या शेडमध्ये, त्यातही बंद डब्यात, त्याहून जास्त. पायचा प्रोसेसर ८० अंशांच्या पुढे गेला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मग रात्री चाळीसवर असलेला जिटर दुपारी कुठल्या कुठे गेलेला दिसतो.

'व्हीसीजेनसीएमडी' लिहून पुढे 'मेझर टेम्प' दिलं की तापमान कळतं, दोन शब्दांमध्ये खालची रेघ. त्याहून कामाची आज्ञा 'गेट थ्रॉटल्ड', तीही तशीच द्यायची. उत्तर '०एक्स०' आलं तर सगळं ठीक. '०एक्स५०००५' आलं तर आत्ता या क्षणी व्होल्टेज कमी आहे आणि वेगही घटवलेला आहे. '०एक्स५००००' म्हणजे आत्ता ठीक आहे, पण बोर्ड सुरू झाल्यापासून कधीतरी तसं झालं होतं. हा शेवटचा आकडा सोन्याचा. रात्री मशीन सोडून घरी गेलात तरी सकाळी तो सांगतो की मध्ये काहीतरी झालं.

व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की पाय कुरकुर करतो. पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा, पाय ५ ला ५ अँपिअरचा पॉवर सप्लाय लागतो. मोबाइलचा चार्जर नको. माझा पहिला चार्जर 'फास्ट आहे भाऊ' म्हणून बाजारातून आणलेला. फास्ट होता, पण पायसाठी नव्हता. वायर जाड आणि आखूड ठेवा, नाहीतर व्होल्टेज वायरच खाते. मशीनच्या ३६ किंवा ४८ व्होल्टच्या सप्लायवरून कन्व्हर्टर लावून पायला वीज देऊ नका. मोटर ब्रेक मारते तेव्हा त्या लाईनवर उसळी येते. पायला वेगळा सप्लाय आणि त्याच्यामागे छोटा यूपीएस.

पंखा लावा, हीटसिंक लावा, पण डबा कूलरच्या समोर ठेवू नका. गार हवेच्या मोहात मी तो ठेवला होता. पॅडमधून येणारी ओल पिनांवर बसली आणि कूलरची मोटर सुरू-बंद होताना लिमिट स्विचचे, म्हणजे मशीनची हद्द सांगणाऱ्या स्विचचे, खोटे सिग्नल यायला लागले. डब्याच्या जाळीवर भुसा बसतो. जिनिंगजवळ असाल तर कापसाचे तंतूही. दर आठवड्याला ब्लोअर मारा.

मग सेटिंग

आता कर्नलला काही सांगायचं. बूटच्या फर्मवेअर फोल्डरमध्ये 'सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी' नावाची फाइल आहे. तिच्यात सगळं एकाच ओळीत असतं आणि एकाच ओळीतच राहिलं पाहिजे. एंटर मारलात तर पाय सुरू न होण्याचीही भीती. मूळ फाइलची प्रत आधी ठेवा.

त्या ओळीच्या शेवटी जागा सोडून 'आयसोलसीपीयूज बरोबर ३' लिहा, 'बरोबर'च्या जागी चिन्ह. पायला चार कोअर असतात, ० ते ३. यानं ३ क्रमांकाचा कोअर बाकीच्या कामांतून मोकळा होतो, आणि लिनक्ससीएनसी रिअल-टाइम कामासाठी सहसा शेवटच्याच क्रमांकाचा कोअर धरतो. ब्राउझर, डेस्कटॉप, फाइल कॉपी ही सगळी गर्दी उरलेल्या तिघांवर. लग्नघरी एक चूल फक्त चहासाठी राखून ठेवतात, तसं. एवढ्यानं मोजा, वहीत लिहा. मग त्याच ओळीत 'नोएचझेड खालची रेघ फुल बरोबर ३' आणि 'आरसीयू खालची रेघ नोसीबीज बरोबर ३' घाला. यानं त्या कोअरवर दर काही मिलिसेकंदांनी पडणारी कर्नलची स्वतःची टिकटिक आणि झाडलोट कमी होते. 'आयआरक्यूअफिनिटी बरोबर ०-२' दिलं की एसडी कार्ड, यूएसबी वगैरेंची बोलावणीही बाकीच्या कोअरकडे जातात.

दुसरी गोष्ट गव्हर्नर, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग. वीज वाचवायला पाय काम नसलं की वेग उतरवतो आणि काम आलं की चढवतो. तो चढायचा क्षण आपल्याला महाग पडतो. त्याच ओळीत 'सीपीयूफ्रेक डॉट डिफॉल्ट खालची रेघ गव्हर्नर बरोबर परफॉर्मन्स' लिहिलं की वेग कायम वरच राहतो. उष्णता वाढते, म्हणून पंखा आधी, हे नंतर.

बाकीची झाडलोट पटापट. वायफाय आणि ब्लूटूथ लागत नसतील तर 'कॉन्फिग डॉट टीएक्सटी'मध्ये बंद करा. स्वॅप, म्हणजे मेमरी कमी पडली की एसडी कार्ड वापरणं, बंद. आपोआप होणारे अपडेट बंद, नाहीतर काम ऐन रंगात असताना ते आठवण काढतात. शिवाय अपडेटमध्ये आरटी कर्नल बदलून साधा येऊ शकतो, म्हणून अपडेट मुद्दाम, एसडी कार्डाची नक्कल काढून, मोजणीसकट करायचं. स्क्रीनवरचं थ्रीडी चित्र जड वाटत असेल तर बारीक करा. मशीनच्या पायवर यूट्यूब नाही. पोट्टे ऐकत नसतील तर नेटची वायर काढून ठेवा.

इथरनेटचं कार्ड असेल तर पाय आणि कार्ड यांच्यात सरळ एक वायर. मधे नेटचा राउटर नको, स्विच नको. जाणाऱ्या-येणाऱ्या पॅकेटचा वेळही त्या १ मिलिसेकंदातच बसवायचा असतो.

आणि इमर्जन्सी स्टॉप. याचा लेटन्सीशी संबंध नाही म्हणूनच इथं लिहितो. लाल बटण कॉन्टॅक्टर पाडून ड्रायव्हर आणि स्पिंडलची, म्हणजे बिट फिरवणाऱ्या मोटरची, वीज थेट तोडणारं हवं. पायला नुसता निरोप देणारं बटण नको. पाय अडकला तर तो निरोप वाचणार कोण?

उशीर की दुसरंच काही

मशीननं जागा सोडली की सगळे लेटन्सीला दोष देतात. मीही दिला, आणि दोन आठवडे वाया घालवले. दुपारी तीनच्या सुमारास रोजच एखादी स्टेप सुटायची. शेजारच्या काकांनी बघितलं आणि म्हणाले, "लाईन आली ना बाप्पा. साऱ्यायनं मोटारी चालू केल्या असतीन." तेच होतं. डीपीवरचे, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरचे, सगळे कास्तकार एकदम पंप चालू करायचे, व्होल्टेज खाली बसायचं, ड्रायव्हरच्या सप्लायला दम लागायचा. कर्नलचा काही दोष नव्हता.

ओळखायचं कसं? उशीर झाला तर लिनक्ससीएनसी पडद्यावर 'अनएक्स्पेक्टेड रिअलटाइम डिले' असा इशारा देतं. तो चालू केल्यापासून एकदाच येतो, म्हणून दिसला की वहीत टिपा, झटकून टाकू नका. इशारा नाही, हिस्टोग्राम साफ आहे, 'गेट थ्रॉटल्ड' शून्य आहे आणि तरी जागा सुटतेय, तर पायला सोडा. ड्रायव्हरचा सप्लाय मीटर लावून बघा, कपलिंगचा स्क्रू बघा, प्रवेग जास्त ठेवलाय का बघा. सरकलेलं अंतरही मोजा. स्टेपर निसटतो तेव्हा चार-चार पूर्ण स्टेपच्या पटीत निसटतो. ५ मिलिमीटर पिचवर त्या ०.१ मिलिमीटर होतात. फरक ०.१ च्या पटीत आला तर मोटर निसटली. ०.०३, ०.०७ असा वेडावाकडा आला तर बहुतेक कपलिंग घसरतंय किंवा स्क्रूमध्ये ढिलाई आहे.

लिमिट स्विच खोटे लागत असतील तर अर्थिंग आणि वायरिंग. स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीची वायर आणि स्विचची वायर एका पाइपातून नेऊ नका. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी टाकत राहा. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्ट थेट लावला तर पिन जाते, कधी बोर्डही.

मशीनवर शेवटची परीक्षा

आकडा हाती आला की सेटिंग त्याच्या काठावर नेऊ नका. थेट पल्स काढत असाल तर स्टेपकॉन्फ या लिनक्ससीएनसीच्या सेटिंग करून देणाऱ्या प्रोग्राममध्ये मॅक्स जिटरचा सगळ्यात वाईट आकडा टाका, मेमधल्या दुपारचा. त्यावरून बेस थ्रेड तोच ठरवेल. कार्ड असेल तर सर्वो थ्रेड १ मिलिसेकंदावरच ठेवा. तो अर्धा केल्यानं कोरीवकाम सुधारल्याचं मी तरी पाहिलं नाही. मशीन जेवढ्या वेगाला निसटते त्याच्या तीन-चतुर्थांश वेग कमाल म्हणून द्या.

मग एका भंगार फळीवर व्ही-बिटनं शून्याच्या जागी अधिक चिन्ह कोरा. बिट २० मिलिमीटर वर उचला आणि खऱ्या कामाचा सगळ्यात लांब प्रोग्राम हवेत चालवा, दोनदा, स्पिंडल चालू ठेवून, शेडमधला कूलर आणि वेल्डिंग मशीनही चालू ठेवून. संपल्यावर शून्यावर परत या, बिट खाली उतरवा आणि त्याच चिन्हावर पुन्हा तेच चिन्ह कोरा. दोन रेघांची एकच रेघ दिसली तर सागवान चढवा. रेघ जाड दिसली तर भिंग घ्या, फरक मोजा आणि वही उघडा.